कैकरांचं कुटुंब

आमची खोली लूमच्या कारखान्याच्या वर होती. खाली दिवसरात्र मागांची खडखड चालायची आणि वर फरशी थरथरायची. ताटातल्या वरणावरसुद्धा बारीक लाटा उठायच्या. पाहुण्यांचं डोकं दुखायचं. आमचं उलटं होतं; उन्हाळ्यात धुळ्याकडे गावी गेलो की तिथल्या शांततेत आम्हाला झोप लागायची नाही.

त्याच कारखान्यात आप्पा लूम चालवायचे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मी तिसरीत असताना त्यांना माझी हाक ऐकू येईनाशी झाली. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण लूमवर वीस वर्षं काढलेल्या प्रत्येकाचे कान असेच असतात. त्याला आजार म्हणत नाहीत. कारखान्यात कुणीच तोंडाने बोलत नाही, हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आले. आणि दोन्ही मनगटं एकावर एक आडवी धरली की मशीन बंद कर, आत्ताच्या आत्ता. ही भाषा आप्पांबरोबर जिना चढून घरात आली. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, आणि आप्पांशी हात. मनगटांची खूण घरात फार कमी वापरली जायची. ती दिसली की हातातलं काम जिथं असेल तिथं ठेवायचं, त्यात वाद नसायचा.

माय आणि धाकटी बहीण घरी बसून साड्यांचे उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायच्या. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला गेले त्याच उन्हाळ्यात ती बारावी झाली, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी, हेही सांगून टाकते. पण एका वेळी दोन कॉलेजं आमच्या घराला पेलणारी नव्हती. ठरलं असं की आधी मोठीचं पुरं होऊ दे, मग धाकटी. एक वर्ष तिने थांबायचं. माय मला एकदाच म्हणाली, पण नीट बजावून म्हणाली: एक वर्ष बसलेली पोरगी कॉलेजात जाते, दोन वर्षं बसलेली जात नाही. मी नापास झाले असते तर वर्ष माझं गेलं असतं आणि कॉलेज धाकटीचं गेलं असतं. त्या वर्षी मी जे काही घाबरले, ते सगळं ह्या एका गोष्टीपाशी येऊन थांबत होतं.

तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राचा प्रोजेक्ट होता. एक जागा, एक प्राणी, तीस तासांचं निरीक्षण, मग अहवाल आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. तो एका अख्ख्या पेपरइतका धरायचे. मॅडमनी जागांच्या चिठ्ठ्या काढल्या. कुणाला प्राणिसंग्रहालय आलं, कुणाला कॉलेजची बाग. मला आलं शहराबाहेर, समुद्राच्या बाजूचं डुमसकडचं तळं. काही पक्षिप्रेमी मंडळींनी ते पक्ष्यांसाठी राखून ठेवलंय, कडेने झाडी आहे, आणि पलीकडे खाजणात झिंग्यांचे, म्हणजे कोळंबी पाळायचे तलाव.

पहिल्या दिवशी बसने एकटी गेले. बांधावर चिटपाखरू नव्हतं. दोघेजण मोटारसायकलवरून आले, थोडं पुढं जाऊन थांबले, परत वळले आणि माझ्याजवळून अगदी हळू गेले. बोलले काहीच नाहीत. मी वही छातीशी धरून बसस्टॉपपर्यंत चालत आले. पळाले नाही, कारण पळालं की भ्यालो हे कळतं. वहीत त्या दिवशीची एकच नोंद आहे: वेळ, आणि पुढे कोरं.

घरी सांगितलं नसतं, पण धाकटीने माझा चेहरा पाहिला आणि मायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायने आप्पांना हाताने सांगितलं. आप्पा रातपाळीवरून नुकतेच आले होते, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, भुवयांवर रुईचा पांढरा थर. त्यांनी खुंटीवरची मोपेडची किल्ली काढून खिशात टाकली.

"तुले भेव वाटस का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

"मंग मी येस," ते म्हणाले, आणि चहा पिऊन आम्ही निघालो. माझे तीस तास भरेपर्यंत त्यांनी रातपाळीच मागून घेतली.

आता भीती बदलली. आमच्या लिंबायतच्या गल्लीतून डुमसच्या रस्त्याला लागायचं म्हणजे सकाळच्या ट्रकांमधून जायचं, आणि चालवणाऱ्याला हॉर्न ऐकू येत नाही. आम्ही एक पद्धत बसवली. मागून उजवीकडे गाडी आली की त्यांच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं दाबायची, डावीकडे आली की डाव्या. ट्रक असेल तर पूर्ण पंजा. मी अख्खा रस्ता मान मागे वळवून बसायची. बारा तास उभं राहून आलेला माणूस गाडी चालवतोय, ह्याला कुठली खूण नव्हती. त्यांची मान जरा खाली गेली की मी उगाचच पंजा दाबायची. ते दचकून बाजूला घ्यायचे, मागे बघायचे, ट्रक नसायचा. एकदा बांधावर पोहोचल्यावर म्हणाले की तुझे ट्रक फार वाढलेत. त्यांना कळत होतं.

गणपती गेल्यानंतरचे दिवस होते. भादव्याचं ऊन सकाळी नवालाच चटके द्यायचं. तळं भरलेलं होतं. मी गवतात बसून बदकं मोजत होते आणि आप्पा झाडाला टेकून झोपले होते. एवढ्यात वरून काहीतरी पडलं. धप्प. एवढं पाणी उडालं की मला वाटलं कुणी माणूस पडलाय. मी ओरडले. आप्पांना ओरडणं ऐकू आलं नाही, पण माझा हात लागून ते उठले. पाण्यातून एक मोठा पक्षी पंख आपटत वर आला. वर चॉकलेटी, खाली पांढरा, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी. पायात मासा, डोकं पुढं करून धरलेला. उडता उडताच त्याने भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झाडलं आणि पाण्यातल्या एका वाळक्या झाडावर जाऊन बसला. पुस्तकात ह्याला मराठीत कैकर म्हणतात असं सापडलं. माय शेवटपर्यंत मासेवाली घारच म्हणाली.

मी माझा प्राणी ठरवला. आठवडाभरात तीन कैकर झाले. एक मोठा, ताकदवान. दुसरा जरा लहान, छाती जास्त पांढरी. तिसऱ्याच्या पाठीवर पिसापिसाच्या टोकाला फिकट ठिपके, पीठ चाळताना उडावं तसे. पुस्तकात दिलं होतं की ठिपके असले तर तो त्याच वर्षीचं पिल्लू. तो सारखा बारीक शीळ घालायचा. लहान कैकर मासा घेऊन आला की मोठा त्याच्या अंगावरून जायचा आणि मासा मोठ्याकडे दिसायचा. ह्यांच्यात मादी नराहून मोठी असते एवढं वाचलेलं होतं, त्यामुळे मला सगळं लगेच समजलं. बाप मासा आणतो, आईला देतो, पोर भुकेने ओरडतं. मी अंतरिम अहवालात नकाशासह लिहिलं: एक कुटुंब, नर, मादी आणि पिल्लू. अन्नवाटपाची नोंद.

हे मी कशावरून लिहिलं, ते आता लपवत नाही. पुस्तकाची चार पानं पुढे वाचली नव्हती. एका पाण्यावर तिघं राहतात, एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात जातं, धाकटं रडतं: दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेलीला ह्याहून वेगळं काही सुचतच नाही.

मॅडमना अहवाल फार आवडला. त्यांनी तो विभागाच्या फलकावर लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही काचेच्या मागे लागलं होतं. धाकटीने येऊन मोबाइलवर फोटो काढला. मायने चाळीत सांगितलं की माझी पोर घारीच्या घरादाराचं लिहिते.

पित्तरांच्या दिवसांत माझ्या आजीची तिथी आली. माय म्हणाली, सकाळी तुम्ही तळ्यावर असणार, तर घास तिथंच ठेवा, तिथं कावळे जास्त. तिने खीर, भजी, वरणभात केळीच्या पानात बांधून दिलं. आप्पांनी बांधावर पान मांडलं, पाणी फिरवलं आणि आम्ही मागे सरलो. कावळे आले, साध्या घारी आल्या, एक कुत्रा आला त्याला आप्पांनी चप्पल दाखवली. कैकर वाळक्या झाडावर बसून होते. त्यांनी पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आप्पा त्या दिवशी झोपले नाहीत, आईची तिथी म्हणून असेल. बराच वेळ ते कैकरांकडेच बघत होते. लहान कैकर मासा घेऊन आला, मोठा त्याच्या अंगावर गेला, दोघं हवेत गुंतले आणि मासा मोठ्याकडे गेला. मी वहीत लिहिलं, वाटप, सहावी वेळ. आप्पांनी वही वाचली असं नाही, त्यांना एवढं वाचता येत नाही, पण मी त्यांना आधी सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला.

"तो देस नई," ते म्हणाले. "दुसरा हिसकी लेस."

मी हाताने विचारलं, कशावरून. त्यांनी बोटांनी दाखवलं. देणारा हात सैल होतो, ह्याचे पाय शेवटपर्यंत आवळलेले होते. आणि मासा गेल्यावर तो त्या झाडाकडे परत येत नाही, लांब खांबावर जाऊन बसतो. एकाच वेळी आठ लूमवर नजर ठेवणाऱ्या माणसाला शेवटच्या लूमचा एक धागा तुटलेला दिसतो. मला सहा वेळा बघून दिसलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं की पुस्तकात बघते. म्हणताना मला वाटत होतं की ते चुकले असतील.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ती उरलेली चार पानं वाचली. कैकर आपल्याकडे घरटं करतच नाहीत. लांब उत्तरेच्या थंड मुलखात करतात आणि हिवाळ्यापुरते इकडे येतात, तेही एकेकटे. मादी आधी निघते. बाप पिल्लाला मासे देत मागे थांबतो, मग कधीतरी तोही निघून जातो. पिल्लू सगळ्यांत शेवटी, कुणी वाट न दाखवता, एकटं निघतं. तळ्यावरचे तिघं एकमेकांचे कुणीच नव्हते.

मी पुस्तक मिटलं. फलकावर काचेमागे माझं नाव, आणि त्याखाली खोटं. बाहेरचे परीक्षक पक्ष्यांतले जाणकार आहेत असं वर्गात आधीच पसरलेलं होतं. ते पहिलंच पान उघडून विचारणार, आणि मला अर्धवट इंग्रजीत काहीच सांगता येणार नाही, आणि घरी साड्यांच्या गठ्ठ्यामागे धाकटी बसलेली असणार. आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. वर्गातल्या एकीला आडून विचारलं, तर ती म्हणाली की अहवाल कोण वाचतं, जाडी बघतात. तेवढ्यावर मी एक रात्र झोपले. पुढच्या रात्री तेही पुरेना.

तळ्यावर जात होते, पण वहीत काय लिहायचं कळत नव्हतं. एके सकाळी ठिपकेवाल्याने पलीकडच्या झिंग्यांच्या तलावावर सूर मारला. तिथं चौकीदार पक्षी हाकलायला सुतळी बॉम्ब लावतो. मोठा बार झाला. मी दोन्ही हातांनी कान झाकले. आप्पा शांत बसले होते, त्यांना फक्त धूर दिसला. पिल्लाच्या पायातलं जे होतं ते सुटलं. ते वेडंवाकडं उडत खाडीच्या दिशेने गेलं आणि दिसेनासं झालं. चौकीदार बांधापर्यंत आला. म्हातारा, डोक्याला फडकं. म्हणाला, बेन, हुं मारतो नथी, खाली बिवडावुं छुं. मारत नाही, फक्त घाबरवतो. मला त्याच्यावर रागावताही आलं नाही, त्याचीही नोकरीच होती.

पिल्लू दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आता खरं ठाऊक होतं म्हणून जास्त वाईट वाटत होतं. कुटुंब असतं तर कुणीतरी शोधायला गेलं असतं. ते दोघं मोठे आपापल्या जागी बसून पंख साफ करत होते.

तिसऱ्या दिवशी मी रडले. आप्पांनी पिल्लासाठी रडतेय असं समजून खाडीकडे बोट केलं, येईल अशी खूण केली. मग मी त्यांना सगळं सांगितलं, हातांनी आणि ओठांनी. तुम्ही बरोबर होता. मी चुकीचं लिहिलंय. ते लावलंय कॉलेजात. परीक्षक नापास करतील. धाकटीचं वर्ष जाईल. तसंच राहू दिलं तर कदाचित कुणाला कळणार नाही.

आप्पांनी दोन्ही मनगटं एकावर एक आडवी धरली.

मी थांबले. मग त्यांनी तोंडाने, स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खूप मोठ्या आवाजात सांगितलं. अहिराणीतच सांगितलं, मी इथं मराठीत लिहिते. धागा तुटला आणि मशीन चालू ठेवली तर फॉल्ट अख्ख्या ताक्यात, कापडाच्या पूर्ण गुंडाळीत धावतो, मग कापडच जातं. बंद केली तर हातभरच खराब होतं. मग तिथं काठाला लाल दोरा बांधायचा. कापड तपासणाऱ्या चेकरने शोधायच्या आधी आपण दाखवायचं. काही जण बांधत नाहीत, तो धागा चिमटीने सारून घेतात. "मी बांधस," ते म्हणाले. शेठ चिडतो का, असं मी विचारलं. चिडतो, म्हणाले. पण माझा ताका तो उलगडून बघत नाही.

मी त्याच दिवशी मॅडमकडे गेले. खोलीच्या दारापर्यंत गेले, परत फिरले, पाणी प्यायले, परत गेले. मॅडमनी पुरतं ऐकून घेतलं. चेहरा पडला, फलकावर त्यांनीच लावलं होतं. म्हणाल्या की आता प्रोजेक्ट बदलता येणार नाही, वेळ नाही. दुरुस्ती करायची तर कर, मी सही करीन, पण परीक्षकांना उत्तर तुलाच द्यावं लागेल, मी मध्ये पडणार नाही. अहवाल काढून घेतलेली रिकामी काच मी जाता-येता बघत राहिले. बाकीचेही बघायचे.

उरलेले तास मी नव्याने बसले. आप्पा नोंदीत आले. ते बोटाने दाखवायचे, मी लिहायची: हिसकावलं, निसटलं, स्वतः खाल्लं. पाचव्या दिवशी ठिपकेवालं पिल्लू परत आलं. लांबच्या खांबावर बसलं होतं, कुणाच्याच जवळ नाही. दोनदा सूर मारला, दोनदा रिकामं आलं. तिसऱ्यांदा तळहाताएवढा मासा मिळाला. मोठा कैकर झाडावरून उठला. मी आप्पांचं मनगट घट्ट पकडलं. पिल्लू मासा न सोडता वळणं घेत बाभळींच्या मागे गेलं आणि मोठा परत फिरला. आप्पांनी वहीकडे बोट केलं, लिही म्हणून.

अहवालातली जुनी पानं मी फाडली नाहीत. "एक कुटुंब" ह्या ओळीसमोर समासात लाल शाईने उभी रेघ ओढली आणि इंग्रजीत लिहिलं: इथे माझी चूक झाली, पुढे पाहा. अशा अकरा जागा निघाल्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी माझा नंबर दुपारचा होता. परीक्षक वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पान उलटलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. हे काय, इंग्रजीत विचारलं. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच अडकले. ते म्हणाले गुजरातीत सांग. मग मी सुटले. सगळं सांगितलं, घास ठेवला तेही.

"कुटुंब नाहीये, हे तुला कुणी दाखवलं?"

"पुस्तकाने" असं म्हणाले असते तर सोपं होतं. मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. लूम चालवतात."

"पक्ष्यांचा अभ्यास आहे त्यांचा?"

"नाही सर. ते धाग्यावर नजर ठेवतात."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि अकराही लाल रेघा एकेक करून बघितल्या. मी मोजत होते. मग दोन प्रश्न विचारले, डोळ्यावरच्या पट्टीचा आणि पिसांच्या ठिपक्यांचा. दोन्ही आले. जा म्हणाले. चांगलं का वाईट, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले.

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. मधल्या सगळ्या महिन्यांत मी धाकटीच्या नजरेला नजर दिली नाही. निकाल मोबाइलवर तिनेच उघडला, माझी हिंमत नव्हती. ती खाली कारखान्याच्या दाराशी धावत गेली आणि आतल्या खडखडाटात आप्पांना हाताने सांगितलं. त्यांनी आधी लूम बंद केली.

मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. प्रोजेक्टमध्ये पास झाले, फार मार्क नव्हते. त्याच जूनमध्ये धाकटीने कॉलेजात नाव घातलं, आणि तीन वर्षांनी ती घरातली दुसरी पदवीधर झाली.